शेक संपला, मग रक्त का?

विषय अवघड आहे, पण ऐका. माझ्या अलिबागच्या मावशीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं होतं. दीड वर्षानं शौचातून रक्त यायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून ती गप्प!

शेक चालू असताना होणारे जुलाब बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतात. पण आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात, तिथे नव्या, नाजूक वाहिन्या येतात आणि त्या फुटतात. अगदी वर्षांनंतरसुद्धा.

उपाय आहेत. सुक्राल्फेटचा एनिमा, किंवा दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या झोतानं वाहिन्या भाजून बंद करणं. फक्त दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना शेकाचं आधी सांगा. तिथला तुकडा तपासणीला काढला, तर जखम चिघळू शकते.

आणि मुळात त्रास कमी करता येतो. टाटा मेमोरियल सेंटरचं एक केंद्र आपल्याच रायगडात, खारघरला आहे. त्यांनी ऑपरेशननंतर शेक घेणाऱ्या ३०० बायकांचा अभ्यास २०२१ मध्ये छापला. तीन वर्षांत आतड्याचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्क्यांना, तर आतडं चुकवून किरणं देणाऱ्या आयएमआरटीत २१. कॅन्सर आटोक्यात राहण्यात खास फरक नाही. शेक ठरतानाच हे विचारा.

मावशीला आर्गॉन दोनदा करावं लागलं. परवा फोनवर म्हणाली, "आधी सांगायला लाज वाटली रे."