मौनाचा अर्थ

गडचिरोली जिल्ह्यात, इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ भामरागड वसले आहे. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटावयाचा, हा तिकडील पावसाळ्याचा जुना अनुभव. अशा दिवसांत तेथे नोकरीस असलेल्या मुलाचा फोन चार दिवस आला नाही, अशी कल्पना करा. चंद्रपुरास असलेली त्याची आई म्हणते, 'पूर आला असेल.' त्याच घरातील, विषण्णतेने ग्रासलेले वडील म्हणतात, 'त्याला आता आपण नकोसे झालो.'

विषण्णतेचा, म्हणजे ज्यास आज डिप्रेशन म्हणतात त्या विकाराचा, रोगी सर्वच गोष्टी काळ्या पाहतो असा सर्वसाधारण समज आहे. तो तितकासा खरा नाही. पुराची गोष्ट वडिलांनाही ठाऊक असते. विचारल्यास ते ती सांगतीलही. परंतु जेथे दोन अर्थ संभवतात, तेथे स्वतःच्या विरुद्ध जाणारा अर्थ त्यांच्या मनात आधी उभा राहतो, आणि तो आपण लावलेला अर्थ आहे असे न वाटता प्रत्यक्ष दिसलेली वस्तुस्थिती वाटते. सारी मेख येथेच आहे.

अमेरिकन मनोवैद्य एरन बेक यांनी १९६७ साली या विचारपद्धतीचे सविस्तर विवरण केले. आपण निरुपयोगी, जग प्रतिकूल, पुढे काही आशा नाही, अशी तिची तिहेरी धाटणी. पुढील प्रयोगांत असे आढळले की, भावशून्य चेहऱ्याचे चित्र दाखविले असता अशा व्यक्ती त्यात दुःख वाचण्याकडे झुकतात. आणि मजकूर स्वतःविषयीचा असला की हा कल अधिक स्पष्ट होतो. दुसरा प्रयोग विस्कटलेल्या शब्दांचा. 'माझे, पुढील, दिवस, चांगले, वाईट, जातील' यांतील पाचच शब्द घेऊन वाक्य करावयाचे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात, पूर्वी विषण्णता येऊन गेलेल्यांना त्याच वेळी एक मोठी संख्या स्मरणात ठेवण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या वाक्यांत निराशा वाढली. मन सावरण्यास श्रम पडत होते. ते श्रम दुसरीकडे वळताच जुना अर्थ वर आला. थकव्याच्या दिवशी, जागरणानंतर रोगी अधिक खचतो, त्याचे काही अंशी कारण यात सापडावे.

भीती मात्र निराळी. चैत्रात पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाईने पाचोळ्याच्या सळसळीत वाघ ऐकला, तर ताडोब्याच्या आसमंतात ते शहाणपणच होय. भीती येणारे संकट वाचते; विषण्णता आधीच झालेली हानी आणि स्वतःचा दोष वाचते.

म्हणून 'भलतेसलते मनात आणू नका' हा घरोघरचा उपदेश व्यर्थ होय. त्याने दोषांत आणखी एकाची भर पडते. 'याचे आणखी काय कारण असू शकेल?' असे शांतपणे विचारणे बरे. त्याहून उपयुक्त म्हणजे सुटलेले व्यवहार पुन्हा धरविणे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत मुख्यतः हेच केले. तीन महिन्यांनी ६४ टक्के रोगी सावरले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भातही, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत असे काम झाले. अठरा महिन्यांत उपचारासाठी पुढे येणाऱ्या विषण्ण व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. दूरच्या तालुक्यांतील घरांना २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.