काळ्या रानातला ऑल-टेरेन

वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की आधी येळाकेळी लागतं, मग आंजी (मोठी). येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढायची सोय आहे. आंजीच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या वावरांकडे जाणाऱ्या पांदणी आहेत. एकीकडे ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेलं काँक्रीट आणि दुसरीकडे आषाढात पाय घोट्यापर्यंत गिळणारी काळी माती. सकाळी वावरात जाऊन आलेला माणूस त्याच गाडीने दुपारी नागपूर गाठतो, तेव्हा या दोन टोकांची कामं चार टायरांनाच निभवावी लागतात. म्हणून अलीकडे गावागावांत ‘ऑल-टेरेन’ हा शब्द पोचला आहे. थार घेणारा तो उच्चारतो, जुन्या फोर व्हील बोलेरोला नवे जोड बसवणाराही उच्चारतो. कुठल्याही जमिनीवर चालणारा टायर, असा त्याचा अर्थ घेतला जातो. वर्धा जिल्ह्याच्या जमिनीवर हा अर्थ कितपत टिकतो, ते नीट पाहण्यासारखं आहे.

चारचाकीच्या टायरांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला डांबरी रस्त्याचा, बारीक खाचांचा आणि शांत चालणारा. दुसरा चिखलाचा, मोठमोठ्या सुट्या ठोकळ्यांचा, ज्याला दुकानात सरसकट ‘बटन टायर’ म्हणतात. ऑल-टेरेन या दोघांच्या मधला. त्याचे ठोकळे रस्त्याच्या टायरापेक्षा उंच आणि मोकळे, पण चिखलाच्या टायरापेक्षा जवळजवळ असतात. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या ओल्या रस्त्यावर आणि गुळगुळीत दगडावर पकड देतात. खांद्याची, म्हणजे कडेची रबरी नक्षी थोडी बाजूच्या भिंतीवर उतरलेली असते.

आपल्याकडे फोर व्हील गाडी जीपच्या रूपाने आली. महिंद्रांनी १९४७ साली विलीस जीप जोडायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जीपचा टायर ६.०० – १६ मापाचा, अरुंद आणि जाड आडव्या पट्ट्यांचा होता. पुढे-मागे दोन्ही दिशांना सारखाच ओढणारा. तो आडव्या-तिडव्या धाग्यांचा, दगडासारखा कडक टायर होता. आरामाचं नाव नव्हतं, पण काट्याकुट्याला तो सहसा दाद देत नसे. आजच्या अर्थाने ऑल-टेरेन रेडियल १९७६ साली अमेरिकेत बीएफ गुडरिचने आणला, वाळवंटातल्या शर्यतींच्या अनुभवातून. २०२० साली आलेल्या नव्या थारच्या वरच्या श्रेणीत २५५/६५ आर १८ मापाचे ऑल-टेरेन टायर कारखान्यातूनच बसून येऊ लागले. एके काळी वेगळी मागवावी लागणारी वस्तू अशी शोरूममधून थेट गावात आली.

पण हा टायर घडला तो वाळू, खडी आणि खडकाच्या मुलखात. वर्धा खोऱ्याची माती वेगळ्या कुळीची आहे. दख्खनच्या बसाल्टची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते, आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती मानवते ती याच पाणी धरून ठेवण्यामुळे, आणि गाडी फसते तीही त्याचमुळे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर चपलेला माती कशी चढते, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दहा पावलांत चपलेचा तळवा चार बोटं जाड होतो. टायरचंही तसंच होतं. ठोकळ्यांमधल्या खाचा मातीने भरतात आणि फिरूनही रिकाम्या होत नाहीत, कारण ऑल-टेरेनच्या खाचा अरुंद आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. अर्ध्या मिनिटात महागाचा टायर गुळगुळीत, टकल्या टायरासारखा वागू लागतो. मग चाकं जागच्या जागी फिरतात. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, एवढंच फोर व्हील ड्राइव्हचं काम. पकड ती निर्माण करू शकत नाही.

ट्रॅक्टरचा मागचा टायर याच पांदणीतून जातो. त्याचे तिरपे दांडे एकमेकांपासून वीतभर लांब असतात आणि कडेला उघडे असतात. फिरताना माती बाहेर फेकली जाते. ऑल-टेरेनला हे जमणं शक्य नाही, कारण त्याला डांबरावर आवाज आणि थरथर आवरायची असते. दोन्ही हवं असेल तर दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं. विक्रेते हे सांगत नाहीत, म्हणून मला ते मोकळेपणाने लिहावंसं वाटतं: ओल्या काळ्या मातीत ऑल-टेरेन साध्या टायरापेक्षा बरा, पण फार बरा नाही.

त्याचा खरा अंमल सुरू होतो तो वापसा आल्यावर. पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडलं, जमिनीतलं जादा पाणी निचरलं, ढेकूळ हातात चिकटण्याऐवजी फुटू लागलं, की शेतकरी वखर-डवरा बाहेर काढतो. त्याच जमिनीवर ऑल-टेरेनचे ठोकळे मातीत रुततात, तिला पकडतात आणि सोडूनही देतात. रस्त्याचा टायर जिथे घसरत राहतो, तिथून हा सहज निघतो. मुरमाच्या चढावर, नाल्याच्या गोट्यांवर, गवताळ बांधावर, वाळूच्या पात्रात तो आपली किंमत वसूल करून देतो. ज्याला वापसा ओळखता येतो, त्याला गाडी कधी आत घालायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आत घालताना एक गोष्ट मात्र शिकावी लागते, ती हवेची. अठराशे किलोच्या गाडीचा एका चाकावर सुमारे साडेचारशे किलो भार येतो. ३२ पौंड हवेला जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर होतो. हवा १८ पौंडांवर आणली की तो साडेतीनशेच्या आसपास जातो. बाजूच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरतो, पण फरक मोठाच राहतो. ठसा लांब होतो, मातीवरचा दाब कमी होतो, आणि रबर दगडाभोवती वळतं. महागड्या टायराने जेवढा फायदा होतो त्याहून जास्त फायदा कित्येकदा या फुकटच्या उपायाने होतो. अट एकच: डांबरावर चढण्यापूर्वी हवा परत भरायची. गाडीत सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नये.

काळ्या मातीहून मोठा शत्रू मात्र कोरड्या दिवसांत भेटतो. माघ-फाल्गुनात तूर कापली जाते, पऱ्हाटी उपटली किंवा तोडली जाते, आणि वावरात धसकटं उरतात. विळ्याने तिरपी छाटलेली तुरीची धसकटं वाळली की खिळ्यासारखी कठीण होतात. टायरच्या तळव्याखाली जाड रबर आणि पोलादी पट्टा असतो, तिथे ती मोडतात. रेडियलची बाजूची भिंत मात्र पातळ असते. मऊ चालावी म्हणून ती तशीच ठेवलेली असते. धसकट तिथे शिरलं की टायर गेला. तळव्याला पडलेलं भोक पंक्चरवाला आतून पॅच लावून भरवशाने बुजवू शकतो. बाजूच्या भिंतीवरची दुरुस्ती मोठ्या रस्त्यावर भरवशाची नसते, कारण ती जागा प्रत्येक फेऱ्यात वाकते. काही ऑल-टेरेन टायरांना भिंतीत धाग्यांचा एक जादा थर असतो. आंजीसारख्या गावात टायर निवडताना नक्षीआधी हा थर विचारावा, असं माझं ठाम मत आहे. वावरात हवा कमी करून फिरताना भिंत बाहेर फुगते आणि धसकटाच्या टोकाशी जाते, हेही ध्यानात ठेवावं. म्हणजे पावसाळ्यात जी युक्ती उपयोगी, तीच तुरीच्या कापणीनंतर घातक.

याच जिल्ह्यात ऑल-टेरेनला अनुकूल असं एक ठिकाण आहे, ते बोर. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे छोटं जंगल. जंगलातल्या सफारीचा ठरलेला चेहरा म्हणजे जिप्सी. मारुतीने ती १९८५ साली आणली आणि २०१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबवलं. जंगलवाटा बहुतेक मुरमाच्या आणि खडकाळ, वेग कमी, आणि पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद. अशा कामात टायरची नक्षी डांबरासारखी सपाट झिजत नाही. धारदार गिट्टीवर ठोकळ्यांच्या कडा तुटतात, रबराचे कपचे उडतात. नखाएवढे कपचे गेलेला टायर दिसायला वाईट असला तरी पुष्कळदा चालण्याजोगा असतो. आतला धागा दिसला तर मात्र तो तात्काळ काढायला हवा.

गावातल्या फोर व्हील गाडीचा बहुतेक प्रवास मात्र डांबरावरच होतो. वर्ध्याचा बाजार, सेवाग्रामचं रुग्णालय, पुलगाव, आर्वी, नागपूर. टायर झिजतो तो इथे. उंच, सुटे ठोकळे तापलेल्या डांबरावर प्रत्येक फेऱ्यात थोडे वाकतात आणि परत सरळ होतात. त्यात उष्णता होते, आणि ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा आधी झिजते. तळव्यावरून उलटसुलट हात फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखं लागतं. तिथूनच तो घूं घूं आवाज सुरू होतो, जो पुष्कळांना बेअरिंग गेल्यासारखा वाटतो. मधला पट्टा आधी गेला तर हवा जास्त होती, दोन्ही कडा गेल्या तर कमी. एकच कड गेली तर गाडी टायर खातेय, अलाइनमेंट करून घ्यावी.

टायरवर कधी कधी ‘ट्रेडवेअर’ असा आकडा छापलेला असतो. तो अमेरिकेतल्या एका पद्धतीतून येतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या सार्वजनिक रस्त्यांवर ७,२०० मैल गाड्या चालवून, १०० आकडा दिलेल्या प्रमाण टायराशी तुलना करायची. त्या ताफ्याच्या वाटेवर ना आपली काळी माती, ना तुरीची धसकटं. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तो आकडा फार तर दोन टायरांपैकी कुठला जास्त टिकाऊ एवढं सुचवतो.

झीज सारखी ठेवायला आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी, आणि स्टेपनीलाही त्यात घ्यावं. फोर व्हील गाडीत याला खास कारण आहे. २५५/६५ आर १८ चा नवा टायर कागदावरच्या मापाने एका किलोमीटरला साधारण ४०४ फेरे घेतो. तोच आठ मिलिमीटर झिजला की ४१२. मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर लावून थारसारख्या गाडीत ‘फोर एच’ लावला, की पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि आठ फेऱ्यांचा हा फरक कुठेतरी बाहेर पडावा लागतो. चिखलात चाक घसरून तो सहज निघून जातो. कोरड्या काँक्रीटवर तो दातेरी चक्रांवर आणि टायरांवर ताण बनून बसतो. वळणावर तर चारही टायर नवे असले तरी हेच घडतं. म्हणून अशी गाडी कोरड्या पक्क्या रस्त्यावर ‘टू एच’मध्येच, म्हणजे दोनच चाकांना ताकद देऊन, चालवायची असते. दोनच टायर बदलून पैसे वाचवायचा मोह फोर व्हीलवाल्याला शेवटी महागात पडतो.

समृद्धी महामार्गावर प्रश्न झिजेपेक्षा उष्णतेचा आहे. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि नंतरच्या अपघातांमुळे प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायची मोहीम परिवहन विभागाला हाती घ्यावी लागली. सरळ, न थांबणाऱ्या काँक्रीटवर तास-तासभर एकाच वेगाने फिरणारा टायर थंड व्हायला जागाच मिळत नाही. त्यात हवा कमी असेल तर भिंती जास्त वाकतात आणि जास्त तापतात. पांदणीतून निघताना राहून गेलेली हवा इथे जिवावर बेतते. सकाळी, गाडी उभी असताना, गार टायरची हवा मोजावी. पारा दहा अंशांनी चढला की दाब दीड ते दोन पौंडांनी वाढतो. दुपारी पंपावर ती ‘जास्त’ दिसली म्हणून काढून टाकणं ही फार पसरलेली आणि फार धोक्याची सवय आहे.

कायद्याने मोटारगाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटर राहिली की तो बाद. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीच्या रबरी पट्ट्या असतात, त्या तळव्याशी समपातळीत आल्या की वेळ संपली. पण चिखलातलं ऑल-टेरेनचं काम त्याआधी बरंच लवकर संपतं. खोली निम्म्यावर आली की तो रस्त्याच्या टायराहून फारसा वेगळा उरत नाही. पेरणीच्या तोंडावर नवा जोड बसवून उन्हाळ्यापर्यंत तो डांबरावर झिजू देणं, हा पैशाचा बरा हिशेब ठरतो. आणि ज्याची पांदण खडीकरण होऊन पक्की झाली आहे, वावरात जायला ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याने चांगला रस्त्याचाच टायर घ्यावा. ओल्या डांबरावर ब्रेक लवकर लागेल, डिझेलही वाचेल.

उतरवलेले टायर गावात वाया जात नाहीत. धागा शाबूत असेल तर ते बैलबंडीला लागतात. बंडीच्या चाकाला जमिनीला ढकलायचं नसतं, ते नुसतं मागे ओढलं जातं आणि सगळा जोर बैलांच्या खुरांचा असतो. त्यामुळे नक्षी गेलेला रुंद टायर तिथे चालून जातो, आणि कापसाची बंडी लोखंडी धावेच्या बंडीपेक्षा कमी रुतते.