विद्युत् तारांचे रंग

शाळेच्या भिंतीवरील तारांच्या पट्टीचे झाकण काढले असता आत लाल, काळी व हिरवी अशा तारा दृष्टीस पडतात. आतील धातू तिन्हींत एकच. भेद केवळ आवरणाच्या रंगाचा. हा रंग शोभेसाठी नसून ती एक लिपी आहे, आणि ती चुकीची लिहिली गेल्यास वाचणाऱ्याच्या प्राणांवर बेतते.

आपल्या देशातील प्रघात असा : लाल तार फेजची, २३० व्होल्ट दाबाने प्रवाह आणणारी, काळी न्यूट्रलची, तो परत नेणारी, हिरवी, अथवा हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली, भूमीशी जोडलेली. तीन फेजचा पुरवठा असेल तेथे त्यांस लाल, पिवळा व निळा हे रंग देतात.

हिरवी तार एरव्ही रिकामीच असते. परंतु उपकरणाच्या धातूच्या अंगास आतून फेज चिकटली की, हीच तार प्रवाहास वाट देते. प्रवाह एकदम वाढून फ्यूज वितळतो. म्हणूनच प्लगातील भूमीची पिन जाड व लांब असते. ती आधी जुळावी, शेवटी सुटावी.

खटका नेहमी लाल तारेत असावा. तो काळ्या तारेत बसविल्यास दिवा विझतो खरा, परंतु होल्डरमधील फेज जागीच राहते. दिवा बदलावयास स्टुलावर चढलेल्या शिक्षकास हे कळावे कसे? दिवा नीट लागतो व विझतो, त्यामुळे ही चूक पाहणीतही सहसा सापडत नाही.

ही लिपी सर्व देशांत एक नव्हती. उपकरणांच्या दोरीत ब्रिटनमध्ये लाल तार फेजची, तर जर्मनीत ती भूमीची असे! रंगाला रंग जोडला की उपकरणाचे अंगच जिवंत होई. पुढे युरोपात फेजला तपकिरी, न्यूट्रलला निळा व भूमीला हिरवा-पिवळा असे रंग ठरले. दुरंगी पट्टा यासाठी की, लाल-हिरव्यातील भेद ज्यांस दिसत नाही त्यांनाही तो ओळखता यावा. घरांतील तारांसाठी ब्रिटनने हे रंग २००४ साली स्वीकारले.

आपल्या शाळांतील संगणकाच्या दोरीतही पुष्कळदा हेच रंग आढळतात. म्हणजे निळी तार भिंतीत फेजची असू शकते आणि दोरीत न्यूट्रलची! मुलांना हे फळ्यावर रंगीत खडूंनीच दाखवावे, भिंतीवर नव्हे. शिवाय जुन्या इमारतीत कारागिराने हाती लागेल ती तार वापरलेली असणे अशक्य नाही. तेव्हा उघडी तार दिसल्यास तिचा रंग न पाहता मेन स्विच बंद करावा, मुलांस दूर ठेवावे व परवानाधारक तारतंत्र्यास बोलवावे.