‘पुढे लागेल’ म्हणून लिहिलेला कोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : पुढे लागणारी सोय आत्ताच करून ठेवली की नंतरचा खर्च वाचतो.

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब बहुधा उलटा पडतो. ही समजूत घरबांधणीतून आली आहे. वर मजला चढवायचा तर पाया आधीच भक्कम लागतो. तो नंतर खणता येत नाही. कोड मात्र पुन्हा लिहिता येतो, आणि साधा असेल तर लवकर. तरीही बैठकीत पायाचाच दाखला पुन्हापुन्हा दिला जातो.

मुळात कोणती गरज येईल हेच ठाऊक नसते. व्हॅटच्या काळातले दुकानाच्या बिलाचे सॉफ्टवेअर घ्या. दर बदलत असत, म्हणून दर सेटिंगमध्ये ठेवणे रास्तच होते. पण १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा कराची रचनाच बदलली : राज्यातल्या विक्रीवर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर, राज्याबाहेरच्या विक्रीवर आयजीएसटी. मालाच्या ओळीपुढे कराचा एकच रकाना धरून कितीही सेटिंग रचल्या असत्या, तरी त्या इथे कामी येणार नव्हत्या. उलट आधी त्याच उकलाव्या लागणार होत्या.

अंदाज चुकणे हा अपवादही नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉन कोहावी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नोंदवले की, प्रत्यक्ष वापरकर्त्यांवर तपासलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक तृतीयांशच अपेक्षित सुधारणा घडवू शकल्या.

शिवाय न वापरलेली सोय फुकट पडून राहत नाही. हो-नाहीच्या दहा सेटिंग म्हणजे १,०२४ शक्यता. त्या तपासायच्या कोणी?

गैरसमज : उशिरा केलेली दुरुस्ती शंभरपट महाग पडते.
वस्तुस्थिती : बॅरी बोह्म आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००१ मध्येच लिहिले आहे की लहान, फारशी जोखीम नसलेल्या प्रणालींत हे प्रमाण पाचपटीच्या आसपास असते.

गैरसमज : पसारा वाढणार असेल तर पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या लहान लहान सेवा, हव्यात.
वस्तुस्थिती : प्राइम व्हिडिओच्या एका चमूने प्रक्षेपणाचा दर्जा तपासणारी विखुरलेली प्रणाली एकत्र आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२३ मध्ये सांगितले.

गैरसमज : म्हणजे पुढचा विचारच करायचा नाही.
वस्तुस्थिती : साधी रचना, स्पष्ट नावे आणि स्वयंचलित चाचण्या हीच पुढची तयारी. जे नंतर बदलणे खरोखर जड जाते, त्याचा विचार मात्र आधीच करावा : सुरक्षा आणि साठवलेल्या माहितीचे स्वरूप. वर्षासाठी दोनच अंक ठेवल्यामुळे २००० साल उजाडण्याआधी जगभर दुरुस्त्या कराव्या लागल्या. पायाचा दाखला लागू पडतो तो इथे.