गावपातळीवरची तपासणी : टेप, पट्टा आणि रक्ताचा थेंब (लेखांक ४)

वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि उच्च रक्तदाबासाठी वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असे सरकारी धोरण आहे. तिची सुरुवात दवाखान्यात होत नाही, घरच्या ओट्यावर होते. आशाताई ‘सीबॅक’ फॉर्म भरते : वय, तंबाखू, दारू, अंगमेहनत, आईवडील-भावंडांचे आजार आणि कमरेचा घेर. गुणांची बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला आधी बोलावतात. कमी गुण म्हणजे सुटका नव्हे. गुणांवरून फक्त क्रम ठरतो.

फॉर्ममध्ये वजनाऐवजी घेराला गुण आहेत, ते उगाच नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३ होता. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. काटकुळ्या दिसणाऱ्या भारतीयाच्याही पोटाभोवती चरबी साठते आणि ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली; घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजतात. पँटचा नंबर इथे कामाचा नाही, कारण सुटलेल्या पोटाखालीही पँट नीट बसते.

सर्वाधिक चुका रक्तदाब मोजताना होतात. शिबिरात रांगेतून आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळला, तर आकडा चढाच येतो. पाच मिनिटे पाठ टेकून बसणे, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर आणि तोंड बंद, एवढे तरी हवेच. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. जाड दंडाला लहान पट्टाही आकडा फुगवतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक आले, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.

साखरेसाठी बोटाचा एक थेंब पुरतो. हाताला फळाचा रस लागलेला असेल, तर ग्लुकोमीटर तीच साखर मोजतो. हात धुऊन कोरडे करणे म्हणूनच आवश्यक. दिवसातल्या कोणत्याही वेळी १४० मिलिग्रॅम किंवा जास्त आढळल्यास पुढे पाठवतात. हे निदान नव्हे. उपाशीपोटी शिरेतून घेतलेल्या रक्तात साखर १२६ किंवा अधिक आणि पुन्हा तपासूनही तीच, तेव्हाच एरवी त्रास नसलेल्या व्यक्तीला मधुमेही म्हणतात.

शिबिरे इथेच थांबतात, हा त्यांचा मोठा दोष. आकडा चिठ्ठीवर लिहून दिला, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणी गेलेच नाही, तर तपासणी फुकट गेली. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने म्हणूनच रुग्णाच्या नोंदी आणि महिनाभराच्या गोळ्या एकत्र देण्यावर भर दिला. गोळ्यांनी आकडा उतरला, म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.