वड्याला घाबरू नका, चटणीकडे बघा
नगर जिल्ह्यातल्या वाटेवरचं खाणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिर्डीला निघालेली गाडी नगर ओलांडून मनमाड रस्त्याला लागली की राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता अशी गावं मागे पडत जातात आणि दर थोड्या अंतरावर काही ना काही खायला बोलावतं. वडापाव, मिसळ, उसाचा रस, पेरूच्या पाट्या, थंडीत हुरडा. गाडीत लगेच दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "बाहेरचं काही तोंडात घालू नका." धाकटा म्हणतो, "काही होत नाही गं आजी." भांडण शेवटी येतं ते हातगाडीवर खायचं की हॉटेलात यावर. पोट मात्र ते बघत नाही. पाणी कुठलं होतं, पदार्थ किती वेळ निवत पडला होता आणि हात कसे होते, एवढंच त्याला कळतं.

गैरसमज: गाडीवरचं धोक्याचं, एसी हॉटेलातलं बिनघोर.

वस्तुस्थिती: वडा तळायचं तेल साधारण 170 ते 180 अंशांवर असतं. कढईतून थेट हातात आलेल्या वड्यात जंतू तग धरणं अवघड. जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान. म्हणून सकाळी करून दुपारपर्यंत कोमट राहिलेला हॉटेलातला भात हा गाडीवरच्या गरम वड्यापेक्षा जास्त जोखमीचा. अशा भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष नंतर गरम करूनही जात नाही.

वडापावातली कच्ची बाजू म्हणजे हिरवी चटणी. कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुतली, वाटताना कुठलं पाणी घातलं, हे आपल्याला दिसत नाही आणि त्या चटणीला आच कधी लागतच नाही. वडा गरम, सोबत लसणाची कोरडी चटणी आणि तळलेली मिरची, हा बेत चवीलाही कमी नाही.

तेलाकडे मात्र बघावं. तळून तळून तेलात जे घटक साठतात, त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. मोजायचं यंत्र आपल्या खिशात नसतं, पण काळपट, दाट झालेलं, सतत फेसाळणारं तेल डोळ्यांना कळतं. आणि वडा वर्तमानपत्राच्या कागदावर देत असतील तर साधा कागद किंवा द्रोण मागा. छपाईची शाई गरम तेलात उतरते. अन्न वर्तमानपत्रात बांधायला नियमानेच मनाई आहे.

गैरसमज: झणझणीत खाल्लं की जंतू मरतात.

वस्तुस्थिती: मिरचीतल्या तिखट घटकाने आपलं तोंड भाजतं, जंतूंचं ताटात काही बिघडत नाही. मिसळ बाधत नाही ती तर्रीमुळे नाही, तर रस्सा चुलीवर सतत उकळत असतो म्हणून. म्हणजे बघायचं ते रश्श्याचा लालपणा नाही, पातेल्यातून वाफ येते आहे का ते. वरून पडणारा कच्चा कांदा आधीच चिरून उघडा ठेवलेला असेल तर तो नको म्हणावा आणि लिंबू समोर कापून घ्यावं.

तिखट लागलं म्हणून घटाघटा पाणी पिणंही व्यर्थ. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. वाटीभर दही जास्त लवकर उतारा देतं.

गैरसमज: रसात बर्फ नको म्हटलं की काम झालं.

वस्तुस्थिती: आधी एक गंमत. रस्तोरस्ती 'कानिफनाथ रसवंती' अशा पाट्या दिसतात, म्हणून ती एकाच मालकाची साखळी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. नवनाथांतल्या कानिफनाथांवरच्या श्रद्धेने वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या रसवंतीला दिलेलं ते नाव आहे. कानिफनाथांची समाधी याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला आहे. तेव्हा एका कानिफनाथ रसवंतीत चांगला अनुभव आला म्हणून दुसरीकडे डोळे झाकून प्यावं असं नाही. प्रत्येक ठिकाणची स्वच्छता वेगळी.

बर्फाबाबत एक नियम उपयोगाचा आहे. खाण्याचा नसलेला, म्हणजे मासळी वगैरे गार ठेवायचा बर्फ निळसर रंगाचा असावा, असं 2018 पासून बंधन आहे. तरी पांढरा दिसला म्हणजे तो शुद्ध पाण्याचाच, असं मात्र धरून चालू नये. बर्फ टाळला तरी दोन वाटा उरतात: न धुतलेला, मातीचा ऊस आणि एकाच बादलीत बुचकळून काढलेला ग्लास. चरकाच्या घुंगरांचा आवाज ऐकत उभं असताना नजर त्या बादलीकडे ठेवा. रस समोर काढून घ्यावा आणि लगेच प्यावा. आलं-लिंबू घातल्याने त्याचं काळं पडणं लांबतं, पण तासभर भांड्यात राहिलेला रस त्याने पिण्याजोगा होत नाही.

गैरसमज: फळ कधी बाधत नाही.

वस्तुस्थिती: राहात्याचा पेरू नावाजलेला. शंभर ग्रॅम पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट 'क' जीवनसत्त्व असतं. सालीसकट अख्खा असेपर्यंत तो सुरक्षितही असतो. सुरी फिरली की साल हे कवच संपतं आणि सुरीचं, फळीचं, ताजेपणासाठी शिंपडलेल्या पाण्याचं जे असेल ते आत जातं. अख्खा पेरू घ्या, आपल्या बाटलीतल्या पाण्याने धुवा, आपल्या सुरीने कापा, तिखट-मीठ तेवढं त्याच्याकडून मागून घ्या. बँकॉकच्या फुटपाथवरही पेरूच्या फोडींबरोबर मीठ, साखर आणि मिरचीची पुडी देतात. उघड्यावर चिरून ठेवलेल्या फोडी इथे असोत वा तिथे, नियम तोच.

गैरसमज: कोणत्याही ज्वारीचं कोवळं कणीस भाजलं की हुरडा.

वस्तुस्थिती: भाजता येतं, पण मजा येत नाही. हुरड्याच्या ज्वारीचे दाणे कोवळेपणी गोड, रसदार असतात आणि चोळल्यावर कणसातून सहज सुटतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्यासाठीच 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' ही वाणं काढली. हंगाम थंडीतला, साधारण डिसेंबरपासून पुढे. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून फोलकटं उडवायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. दाणा निघतो विस्तवातून, त्यामुळे त्याची चिंता नाही. चोळणाऱ्याचे हात धुतलेले आहेत ना, एवढंच बघायचं. सोबतचं ताक मात्र पाण्याइतकंच शंकेचं.

गैरसमज: प्रसादाचा पेढा आठवडाभर कुठेही टिकतो.

वस्तुस्थिती: साखर खव्याला काही काळ सांभाळते, कायम नाही. खव्यात ओलावा असतो आणि एप्रिलमधल्या बंद गाडीत पेढ्याचा डबा तापतो. सुट्या मिठाईवर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असं लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. ताटासमोरची ती चिठ्ठी वाचा, नसेल तर विचारा. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला तर प्रसाद म्हणूनही खाऊ नये.

गैरसमज: पोट बिघडलंच तर जुलाब थांबवायची गोळी घेतली की झालं.

वस्तुस्थिती: धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार जाण्याचा. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच ओआरएस पाण्यात कालवून थोडं थोडं पीत राहावं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अँटिबायोटिक आपल्या मनाने घेऊ नये. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा लहान मूल मलूल पडलं तर पुढचं दर्शन राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

एकूण काय, खायचं की नाही हे पाटी वाचून ठरवू नका. मागणी देण्याआधी गाडीजवळ मिनिटभर उभे राहा. घाणा संपतोय आणि नवा पडतोय का, पैसे घेणारा हात आणि पाव भरणारा हात एकच आहे का, ग्लास वाहत्या पाण्याखाली धुतात का, हे तेवढ्यात कळतं. यात पास झालेल्या गाडीवर आजीलाही वडा खायला हरकत नाही, आणि नापास झालेल्या हॉटेलातून धाकट्यानेही उठावं.