पुढचा ॲक्सल बदलताना

टोयोटाची फोर-बाय-फोर पिकअप अमेरिकेत 1979 मध्ये आली तेव्हा तिला पुढे अखंड ॲक्सल होता आणि खाली स्प्रिंगचे पाटे. 1986 च्या मॉडेलपासून कंपनीने तो काढला आणि टॉर्शन बारवरचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. डांबरी रस्त्यावर गाडी सुधारली, बसणाऱ्याची कंबर सुखावली. पण खडकात गाडी घालणाऱ्यांची पंचाईत झाली. अखंड ॲक्सलचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली रेटलं जातं आणि जमीन सोडत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ही देवाणघेवाण नाही. त्यात मोठ्या टायरसाठी गाडी उचलली की चाकांकडे जाणारे शाफ्ट नको तितके तिरके होतात आणि त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटू लागतात. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या वाटांवर जाणाऱ्या हौशी लोकांनी यावर सरळ उपाय काढला: कारखान्याने जे काढलं ते परत बसवायचं. 1985 पर्यंतच्या ट्रकचा ॲक्सल भंगारातून आणायचा आणि नव्या ट्रकखाली घालायचा. हे काम गेली कित्येक वर्षं लोक घरच्या गॅरेजमध्ये करत आले आहेत.

तोडफोडीचा भाग मेहनतीचा आहे, अवघड नाही. टॉर्शन बार, कंट्रोल आर्म, मधला डिफरन्शियल, म्हणजे डिफ, उतरवायचा, चासीवरचे जुने ब्रॅकेट कापून ग्राइंडरने साफ करायचे. मग पुढे पाट्यांचा हँगर वेल्ड करायचा आणि मागच्या शॅकलसाठी चासीला आरपार भोक पाडून त्यात नळी बसवायची. ज्याचा वेल्डिंगचा हात चांगला आहे त्याला यात नवीन काही नाही.

खरी परीक्षा कोनांची. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्षही वरच्या बाजूने थोडा मागे कललेला लागतो. हा कॅस्टर. तीन-चार अंशांचा हा कल असला की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येतं. कल गेला की महामार्गावर गाडी भरकटते, हातांना क्षणभर उसंत मिळत नाही. आता गाडी उचलली की पुढच्या ॲक्सलकडे ताकद पाठवणारी ट्रान्सफर केस वर जाते आणि प्रोपेलर शाफ्ट फार तिरका होतो. तो नीट फिरावा म्हणून डिफचं तोंड वर करावं लागतं. पण तोंड वर केलं की ॲक्सलची अख्खी हाऊसिंग फिरते आणि कॅस्टर नेमका तेवढाच कमी होतो. एकाच हाऊसिंगकडून दोन विरुद्ध मागण्या.

यातून सुटायचं तर हाऊसिंगच्या टोकांचे गोळे कापून फिरवायचे. नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, ज्यावर वळतो तो हा गोळा हाऊसिंगच्या नळीवर वेल्ड केलेला असतो. ते वेल्ड ग्राइंडरने सावकाश खायचं, नळीला धक्का न लावता. गोळा सुटला की डिफ हवा त्या कोनात धरायचा, कोनमापक लावून गोळे मागे कलवायचे, दोन्हीकडे सारखे. मग आधी टाके आणि पुन्हा माप. त्यानंतरच पूर्ण वेल्ड, तेही एका दमात नाही. समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं, मध्ये थंड होऊ देत. घाई केली तर नळी वाकते, आतला शाफ्ट ऑईल सीलवर घासतो आणि गिअर ऑईल नकलमध्ये उतरून ग्रीसचा पातळ काळा चिखल होतो. या एका कामात मला सगळ्या बदलाचं सार दिसतं. इथे वेल्डरपेक्षा मोजणारा माणूस मोठा ठरतो.

नकल परत बसवतानाही तेच. वरखाली दोन बेअरिंग, त्यांचा ताण शिमच्या पत्र्यांनी ठरतो. नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं आणि नकल किती वजनाला हलायला लागतो ते वाचायचं. फार सहज हलला तर पुढे चाकं थरथरणार, जड झाला तर बेअरिंग लवकर जाणार.

स्टेअरिंगच्या बाबतीत नव्या ट्रकवाल्याचं नशीब चांगलं. जुन्या ट्रकचा स्टेअरिंग बॉक्स दांडा पुढे-मागे ढकलत असे, त्यामुळे पाटे वरखाली झाले की स्टेअरिंगही ओढलं जाई. 1986 पासूनच्या बॉक्सचा आर्म डावी-उजवीकडे फिरतो. तोच बॉक्स चासीवर पुढे सरकवून बसवला आणि नकलवर उंच आर्म लावले, की बॉक्सपासून नकलकडे जाणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, पाट्यांच्या वरून आडवी जाते. दगडांपासून वाचते आणि खड्ड्यात हाताला झटका कमी बसतो. रुंदीचा प्रश्नही असाच घरातच सुटतो. नव्या ट्रकचा मागचा ॲक्सल जुन्यापेक्षा सुमारे तीन इंच रुंद आहे. नव्या ट्रकचे मूळचेच हब आणि डिस्क जुन्या नकलवर चढवले की पुढची रुंदी जवळपास जुळते.

एक कच्चा दुवा उरतो: चाकाजवळचा सहा गोळ्यांचा जॉइंट, ज्याला टोयोटावाले बर्फिल्ड म्हणतात. पूर्ण वळवलेल्या चाकावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की तो फुटतो. क्रोमोली पोलादाचे शाफ्ट मिळतात, पण स्टेअरिंग थोडं सैल सोडून मगच पाय दाबण्याची सवय त्याहून स्वस्त.

आपल्याकडेही हा प्रश्न ओळखीचा आहे. महिंद्राच्या जुन्या जीपना पुढे पाट्यांवरचा अखंड ॲक्सल होता. 2010 च्या थारला टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि काही हौशी लोक तिच्याखाली पुन्हा अखंड ॲक्सल घालू लागले. मात्र जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. त्यामुळे हा उद्योग करायचाच तर रस्त्यावर न जाणाऱ्या, खासगी जागेत चालवायच्या गाडीवर करा.

आणि करणाऱ्यांना एक विनंती. उंच स्टेअरिंग आर्म नकलवर चार स्टडनी धरलेला असतो, आणि हे स्टड सैल पडतात. पहिल्याच फेरीनंतर त्यांना आणि पाट्यांच्या यू-बोल्टना टॉर्क रेंच लावा, नटवर रंगाची खूण करा आणि प्रत्येक वेळी गाडी काढण्यापूर्वी ती खूण बघा.